गेणभाऊंचं काळीज साऊंडवर

लोणी गावात डॉक्टर व्हायला वर्षं लागत नाहीत. अ‍ॅडमिशनचा मेसेज मोबाईलवर आला की त्याच संध्याकाळी माणूस डॉक्टर होतो. पुढे कॉलेजात जायचं ते आपली हौस म्हणून. कुंडलिकच्या अक्षदाला पुण्याच्या मेडिकल कॉलेजात जागा मिळाली, त्या दिवशी ती पेढे वाटायला निघाली होती आणि पारावरच्या तिघांनी पेढा तोंडात टाकण्याआधी तिला आपापली जीभ बाहेर काढून दाखवली होती.

आता ती तिसऱ्या वर्षाला होती आणि तिची अवस्था फारच बिकट झाली होती. गावातल्या लग्नाला जायची सोय राहिली नव्हती. पंगतीत बसावं, मठ्ठ्याचा पहिला घोट घ्यावा, तोच पाठीमागून कुणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे पुढे यायचा आणि मांडवाच्या ट्यूबलाईटकडे धरून त्याचं सामुदायिक वाचन सुरू व्हायचं. "मी अजून शिकतेय हो," असं तिनं म्हटलं की लोक एकमेकांकडे बघून मान हलवायचे. "किती शिकली, पण गर्व न्हाई पोरीला," असा निकाल लागायचा आणि दुसरा गुडघा पुढे यायचा.

लोकांना जे ठाऊक नव्हतं ते अक्षदाला पक्कं ठाऊक होतं. तिला ऐकू येत नव्हतं.

म्हणजे कान उत्तम होते. आईनं शेजारच्या वावरातून मारलेली हाक तिला घरात ऐकू यायची. पण स्टेथोस्कोप कानाला लावून माणसाच्या छातीवर ठेवला की तिचं सगळं शिक्षण संपायचं. वॉर्डात मॅडमनी एकदा एका पेशंटभोवती सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, "हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये एक खरखर आहे. मर्मर म्हणतात ती. ऐका." एकेकानं ऐकलं, एकेकानं मान डोलावली. तिची मैत्रीण आरती, जी वर्गात पहिली यायची, तिनं तर डोळे मिटून डोलावली. अक्षदाची पाळी आली. तिला पंख्याचा आवाज आला, नळीला शर्ट घासल्याचा आवाज आला, स्वतःच्या पोटात मेसचे पोहे फिरत होते तेही ऐकू आलं. खरखर काही आली नाही.

"ऐकलंस?"

"हो मॅडम."

तेव्हापासून ती प्रत्येक वॉर्डात मान डोलावत होती. आणि गंमत अशी की हृदयाचं वेड तिच्याइतकं वर्गात कुणालाच नव्हतं. पहिल्या वर्षी सरांनी ते तिच्या ओंजळीत दिलं, त्या दिवशी ती जेवली नव्हती. किळस आली म्हणून नव्हे, तर एवढीशी वस्तू, आईच्या पोटात असल्यापासून चालू, आणि मरेपर्यंत एकही सुट्टी नाही, हे तिला सहनच झालं नव्हतं. ज्याच्यावर एवढा जीव जडला तोच आपल्याशी बोलत नाही, हे दुःख कुणाला सांगणार? आपण या धंद्याच्या नाहीच, चुकून जागा मिळाली, असं तिला हल्ली वाटायचं. या सुट्टीत तिनं मनाशी ठरवलं होतं, की अजून एकदा कान लावून बघायचं, नाहीतर घरी खरं सांगून टाकायचं. हे खरं कसं सांगायचं याची तिनं एसटीत पूर्ण प्रवासभर तालीम केली होती.

यात्रा तोंडावर आली होती. वारूळवाडीहून आरती यात्रा बघायला येणार होती. अक्षदा आईला भाजी निवडताना एवढंच म्हणाली, "आम्ही दोघी देवळापुढं टेबल टाकून बसू. येतील त्यांचं बीपी बघू."

बस. एवढंच. यात शिबिर हा शब्द नव्हता.

शीलाकाकूंनी, म्हणजे अक्षदाच्या आईनं, हे पाण्याच्या टाकीपाशी जावेला सांगितलं. चहाला उकळी फुटायच्या आत सुनीलकाका दारात हजर. सुनीलकाका म्हणजे यात्रा कमिटी. कमिटीत आणखी माणसं होती, पण ती वर्गणी देण्यापुरती. शिवाय बैलगाड्याच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, माईकवर बोलण्याचा मान त्यांचाच. त्या सवयीनं ते घरी मीठ मागत तेसुद्धा असं, की पलीकडच्या आळीतली माणसं घाटाकडे बघायची.

"अक्षदा! देवळापुढं न्हाई! घाटात! स्टेजच्या शेजारी! महाआरोग्य शिबिर!"

"काका, अहो दोनच जणी आहोत आम्ही. आणि एकच मशीन आहे."

"गाव मागं हाय तुझ्या!" सुनीलकाका म्हणाले, आणि गाव खरोखरच मागे उभं होतं, कारण बोलणं सगळ्या आळीला ऐकू गेलं होतं. लगेच सल्ले सुरू झाले. एकजण म्हणाला सलाईनची सोय ठेवा, सलाईनशिवाय शिबिराला वजन येत नाही. दुसऱ्याचं म्हणणं, डोळ्यांचंही बघा, आलाच आहात तर. शेजारच्या सखूबाईंना फक्त एवढंच हवं होतं, की सुई कमरेत न देता दंडात द्यावी. सुई नाहीच आहे, असं कळल्यावर त्या खरंच दुखावल्या.

परवानगी काढायला अक्षदा, यात्रेच्या आधीच येऊन थडकलेल्या आरतीच्या स्कूटीवर बसून गेली. आरोग्य केंद्रातले डॉक्टर भले होते. ते म्हणाले, फक्त बीपी बघा, गोळी एकही देऊ नका, जास्त आलं तर माझ्याकडे पाठवा. आणि हो, ग्रामपंचायतीचं पत्र आणा. ग्रामपंचायतीत सांगितलं, पत्र देतो, पण आधी आरोग्य केंद्राचं पत्र आणा. दोन्हीकडे चहा मिळाला. दोन्ही पत्रं एकमेकांची वाट बघत बसली. शेवटी दोघांनीही सांगितलं की यात्रा कमिटीची हरकत नसेल तर आमचीही नाही, आणि दोघी परत सुनीलकाकांच्या दारात आल्या.

"परवानगी?" सुनीलकाका म्हणाले. "अगं, फ्लेक्स लागला की!"

फ्लेक्स एसटी स्टँडवर लागला होता. त्याच्यावर 'हृदयरोगतज्ज्ञ डॉ. अक्षदा' असं लिहिलं होतं. अक्षदानं ते दोनदा वाचलं. मग तिचं लक्ष फोटोंकडे गेलं. तिचा फोटो उजव्या कोपऱ्यात, पासपोर्टएवढा. डाव्या बाजूला सगळे शुभेच्छुक गॉगल लावून. आणि मधोमध, तिच्या किमान दहापट, झूल घातलेला एक बैल उभा होता. तो गेणभाऊंचा चिमण्या. शिबिराचा फ्लेक्स आणि शर्यतीचा फ्लेक्स वेगवेगळा छापायला नको म्हणून सुनीलकाकांनी हा मेळ घातला होता. परक्या माणसाला वाटलं असतं की हृदयरोगतज्ज्ञ तो बैलच आहे.

"ते 'तज्ज्ञ' पुसा काका. गुन्हा आहे तो. आणि 'डॉ.' पण," अक्षदा रडकुंडीला येऊन म्हणाली. पुष्कळ विनवण्या झाल्यावर सुनीलकाकांनी त्या दोन शब्दांवर पांढरा कागद चिकटवला. त्यामुळे गावात उगाच चर्चा झाली की तिथं आधी आमदारांचं नाव होतं.

गेणभाऊ हे अक्षदाच्या वडिलांचे चुलते. नव्वदीला टेकलेले नव्हते, पण सत्तरी केव्हाच मागे पडली होती. उंच, सरळ, मिशांना पीळ. चिमण्या हा त्यांचा जीव की प्राण. घाटात गाडा जुंपताना चिमण्याला धरायचं, सोडायचं आणि त्याच्याबरोबर चढावर पळायचं, हा मान त्यांनी आजवर कुणाला दिला नव्हता. पुतण्या कुंडलिक, म्हणजे अक्षदाचे वडील, तरणेताठे होते तेव्हापासून कासरा हातात यायची वाट बघत होते आणि आता त्यांचेही केस पांढरे झाले होते.

"आजोबा, तुमचं बीपी बघू का?" अक्षदानं आदल्या दिवशी त्यांना वाटेत विचारलं. गेणभाऊ बांधावर बाभळीला टेकून उभे होते आणि समोरच्या कांद्याकडे मोठ्या आस्थेनं बघत होते. कांदा त्यांचा नव्हता.

"मला काय झालंय?" ते म्हणाले. बोलताना दम लागत होता. "गॅस हाय. यात्रंची भेळ खाल्ली ना."

यात्रा दुसऱ्या दिवशी होती. भेळेचे गाडे अजून यायचे होते. अक्षदाला ते जरा खटकलं, पण तेवढ्यात सुनीलकाकांची हाक आली.

यात्रेच्या दिवशी शिबिराचं उद्घाटन झालं. ते होतच राहिलं. आधी फीत कापली. मग दीप लावला. वारा होता, तो तीनदा लावला. शीलाकाकूंनी बीपीच्या मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि स्टेथोस्कोपच्या गोल तबकडीवर पाच बोटं कुंकवाची उमटवली, कारण घरात नवा पंप आला तेव्हाही तसंच केलं होतं. मग सत्कार सुरू झाले.

बाहेरच्या माणसाला सत्कार म्हणजे शाल आणि नारळ वाटतो. ते तसं नाही. सत्कार ही उतरंड आहे. एकाचा केला की दुसऱ्याचा राहतो, आणि राहिलेला सत्कार माणूस पुढच्या पिढीला सांगून ठेवतो. म्हणून आजी सरपंच, माजी सरपंच, माजीच्या आधीचे, सोसायटीचे चेअरमन, मांडववाला, जनरेटरवाला, आलेले पावणे, आणि ज्यांनी येतो म्हणून सांगितलं होतं पण आले नाहीत त्यांचे भाऊ, सगळ्यांना फेटे बांधले गेले. अक्षदाचा झाला. आरतीचा झाला. आणि एकदा फेटा डोक्यावर चढला की आभार मानले जाईपर्यंत माणसानं स्टेजवरून उतरायचं नाही, हा तिथला कायदा. फेटा घेऊन खाली उतरला म्हणजे सत्कार परत केला. त्या दोघी फेटे घालून गोठल्यासारख्या बसून राहिल्या आणि समोर बीपीची वाट बघणारी रांग आपली भेळ खाऊन परत रांगेत आली.

अखेर कुणीतरी आभार मानले आणि टेबल सुरू झालं. पहिला माणूस बसला. अक्षदानं पट्टा बांधला, आकडा बघितला आणि त्याला हळूच सांगितला. तो मागून सुनीलकाकांनीही ऐकला.

"एऽऽऽकशे पन्नास!" चारही बाजूंच्या भोंग्यांतून घाटात आवाज गेला. "वाऽऽ पठ्ठ्या! पुढचा गडी या!"

"काका, असं सांगायचं नसतं! ते पेशंटचं खासगी असतं!"

पण उशीर झाला होता. लोकांनी त्याला टाळ्या दिल्या होत्या. पुढचा एकशे वीसवर थांबला तेव्हा घाटात कुणी हसलं, आणि तो बिचारा निरोगी माणूस मान खाली घालून निघून गेला. त्याच्यानंतरचे लोक बसण्याआधी उठाबशा काढायला लागले. अक्षदानं पुढे होऊन सुनीलकाकांच्या हातून माईक काढून घेतला. सुनीलकाकांच्या हातून माईक काढून घेणारं माणूस गावात तोवर जन्मलेलं नव्हतं. क्षणभर दोघंही घाबरली.

"बरं, ऱ्हायलं," सुनीलकाका म्हणाले. "पण मग ह्या नळीतनं काय ऐकतीस ते तरी लोकांना कळू दे की. का तेबी खासगी?"

इथं अक्षदाकडून चूक झाली. ठोका सगळ्यांचा सारखाच, त्यात काय लपवायचं, असं तिनं मनाला सांगितलं. पण खरं कारण निराळं होतं. स्टेजला लागून पप्पूच्या डीजेचे बॉक्स रचले होते, प्रत्येक बॉक्स शीलाकाकूंच्या फ्रीजएवढा. जे आपल्याला कानात ऐकू येत नाही ते कदाचित एवढ्यातून येईल, अशी तिला आशा वाटली.

पप्पूला असल्या उद्योगाची हौसच. त्यानं नळीच्या कानाकडच्या टोकात बारका कॉलर माईक खुपसला, वरून चिकटपट्टी गुंडाळली, कसलीशी बटणं पिळली आणि म्हणाला, "बास फुल्ल टाकलाय. ठेवा कुनावर तरी."

सुनीलकाकांनी शर्टाची बटणं काढली. अक्षदानं कुंकू पुसून तबकडी त्यांच्या छातीवर ठेवली.

धड्‌-धड्‌. धड्‌-धड्‌.

बॉक्स हलले. स्टेजच्या फळ्या हलल्या. आवाज जमिनीतून लोकांच्या तळपायाला लागला. पिपाण्या थांबल्या, भेळवाल्याचा उलथनं आपटणारा हात थांबला, आणि घाटाच्या दोन्ही कडांवरची सगळी माणसं गप्प झाली. सुनीलकाका स्वतःच्या छातीकडे बघत होते. आयुष्यात प्रथमच त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात कुणीतरी बोलत होतं आणि ते त्यांच्याच आत होतं.

"ह्यो मी?" त्यांनी माईकशिवाय विचारलं.

"तुम्हीच."

मग रांग लागली, पण कुणी ढकलाढकली केली नाही. देवाच्या गाभाऱ्यात जातात तशी माणसं पुढे येत होती. सखूबाई आल्या, पदर सावरून बसल्या, स्वतःचा ठोका ऐकला आणि सुईचं नावही न काढता त्या बॉक्सच्या पाया पडल्या. अक्षदाच्या अंगावर काटा आला. पुस्तकात वाचलेलं सगळं खरं होतं, आणि ते या माणसांत, रोजच्या, कांद्याच्या भावावर भांडणाऱ्या माणसांत, इतकी वर्षं चालू होतं. तिचे डोळे भरून आले आणि ते फेट्याच्या शेमल्यानं पुसायला तिला सोयीचं झालं.

एवढ्यात गर्दी दुभंगली. गेणभाऊ आले होते, हातात चिमण्याचा कासरा. शर्यती सोडून लोक इकडे का जमलेत हे बघायला ते आले होते आणि रागावले होते.

"मानसांचं काय ऐकताय? ऐकायचं तर ह्याचं ऐका!"

बैलाचं ऐकावं असं कुठल्याच पुस्तकात अक्षदाला दिलेलं नव्हतं. गेणभाऊंनी चिमण्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटून त्याला उभं केलं. तिनं भीत भीत पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागं तबकडी ठेवली.

आधी काहीच नाही. मग बॉक्समधून असा आवाज आला की वाड्याच्या जाड दाराला कुणी आतून सावकाश खांदा देतंय. एक ठोका. थांबणं. दुसरा ठोका. घाई म्हणून नाही. पाच मिनिटांनी घाट फोडायचा आहे याची त्या काळजाला काही फिकीर नव्हती. हजारभर माणसं टोप्या हातात घेऊन उभी होती. चिमण्या रवंथ करत होता.

"हांऽऽ!" गेणभाऊ म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"भाऊ, आता तुमचं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळेच. बैलानं दिलं आणि मालकानं नाही म्हटलं, असं दिसायला नको होतं. गेणभाऊंनी मिशीवर हात फिरवला, सदऱ्याच्या गुंड्या काढल्या आणि खुर्चीत ताठ बसले.

धड्‌-खर्रर्र-धड्‌. धड्‌-खर्रर्र-धड्‌.

"बगा!" सुनीलकाका माईक परत पटकावून ओरडले. "भाऊंच्या काळजाचा ठेकाच न्यारा! करवत चाललीय जनू! वाजवा टाळ्या!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

अक्षदानं टाळ्या ऐकल्या नाहीत. तिनं खरखर ऐकली होती. दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये, अगदी मॅडम म्हणाल्या होत्या तिथं. तबकडी जराशी वर, गळ्याकडे नेली. खरखर तिच्यामागून तिथंही आली. पुस्तकातलं पान तिच्यासमोर उघडलं. तिला आनंद झाला. इतका झाला की ती हसली, आणि हसता हसताच तिला कळलं की आपण काय ऐकून हसतोय. तिनं खाली वाकून वायर ओढली. बॉक्स गप्प झाले.

"लाईट ग्येली!" घाट ओरडला.

आरतीनं तिचा दंड घट्ट धरला होता. "अक्षदा," ती कानाशी म्हणाली, "हे असं असतं होय गं?"

"तू तर वॉर्डात डोळे मिटून मान डोलावली होतीस!"

"तुम्ही सगळे डोलावत होतात म्हणून."

 पण आश्चर्य करत बसायला वेळ नव्हता. गेणभाऊंनी गुंड्या लावल्या होत्या, कासरा उचलला होता आणि त्यांच्या गाड्याची बारी जवळ आली होती. बांधावरची बाभूळ, परक्याचा कांदा आणि आदल्या दिवशीची न आलेली भेळ अक्षदाला एकदम आठवली. छातीतलं दार, म्हणजे हृदयाची झडप, पुरतं उघडत नाही आणि हा माणूस आता बैलाबरोबर चढावर पळणार.

"आजोबा, आज पळू नका."

"का?"

भोवती माणसं होती. सगळ्यांचे कान तिच्याकडे. हे आकड्यासारखं घाटात जायला नको होतं.

"मी... मी सांगते म्हणून."

"तू अजून शिकतीयेस," गेणभाऊ प्रेमानं म्हणाले. तीन वर्षं हेच वाक्य ती गावाला पटवून देत होती आणि नेमकं आज ते एका माणसाला पटलं होतं.

ते चार पावलं गेले. अक्षदानं इकडेतिकडे बघितलं. पप्पू वायर जोडत होता. स्टेजवर उरलेले फेटे पडले होते. आणि मग तिला सुचलं. ती धावत सुनीलकाकांकडे गेली.

"काका, गेणभाऊंचा सत्कार झाला का?"

सुनीलकाकांचा चेहरा पांढरा पडला. जनरेटरवाल्याचा झाला होता. न आलेल्या माणसाच्या भावाचा झाला होता. गावातल्या सगळ्यात जुन्या गाडामालकाचा राहिला होता.

"अरं द्येवा," ते म्हणाले, आणि माईकवर झेपावले. "गेऽऽऽणभाऊ! कुठं असतील तिथून! स्टेजवर येन्याची किरपा करावी! तुमच्याशिवाय यात्रा न्हाई!"

गेणभाऊ थांबले. त्यांनी पुढे गाड्याकडे बघितलं, मागे स्टेजकडे बघितलं. सकाळपासून ते याचीच वाट बघत होते, हे त्यांच्या वळण्यावरून सगळ्यांना कळलं. त्यांनी कासरा कुंडलिकच्या हातात दिला. "धर जरा. आलो."

अक्षदानं फेटा स्वतः शेजारी उभं राहून बांधायला लावला, नऊवार कापडाचा, सावकाश. तो बांधून होईपर्यंत ती खालून फिरून आली. सोसायटीच्या चेअरमनना तिनं सांगितलं की कमिटीनं केला, तुमचा राहिलाय. वरच्या आळीला सांगितलं, खालच्या आळीनं शाल आणलीय. महिला बचत गटाला नुसतं "तुम्ही नाही का?" म्हणाली. पुढचं तिला करावं लागलं नाही. शालीवर शाल पडत गेली, नारळ मांडीत मावेनात. ज्या सत्कारांनी तिचं शिबिर बुडवलं होतं तेच ती आता डोसावर डोस देत होती.

तेवढ्यात बारी पुकारली. गेणभाऊ खुर्चीतून उठू लागले.

"बसा, बसा भाऊ," सुनीलकाका म्हणाले. "आभार झालं न्हाईत अजून. फ्येटा हाय डोक्यावर."

गेणभाऊ बसले. खाली त्यांना कुंडलिक दिसला, चिमण्याला धरलेला, पाय रोवून उभा. मग त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या अक्षदाकडे बघितलं. ते सत्तराहून जास्त पावसाळे उगाच जगले नव्हते.

"पोरी. ह्ये तुजं काम हाय."

"हो आजोबा."

"काय ऐकलंस तू मगाशी?"

सुनीलकाका माईकवर कोकलत होते. कुणाला दुसरं काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. अक्षदा खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसली आणि तिनं खरं सांगितलं. आतलं एक दार नीट उघडत नाही असं वाटतंय. मी अजून शिकतेय, चूक असू शकेल, पण पुण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवायलाच पाहिजे. तोवर चढावर पळायचं नाही.  एसटीत तिनं वेगळंच खरं सांगायची तालीम केली होती.

 गेणभाऊंनी हात पुढे केला. "दे इकडं."

तिनं नळीतला माईक काढला, दोन्ही टोकं त्यांच्या फेट्याखाली कानात बसवली आणि तबकडी शालींच्या आत, छातीवर ठेवली.

खाली निशाण पडलं. कुंडलिकनं चिमण्याला सोडलं आणि पांढऱ्या केसांचा तो माणूस बैलाबरोबर पोरासारखा पळाला. धुरळा उठला, घाट उभा राहून ओरडला. आरतीसुद्धा खुर्चीवर चढून ओरडली. गेणभाऊंनी तिकडे बघितलंच नाही. त्यांची मान खाली होती, डोळे मोठे झाले होते.

"ह्यो कवापासनं चालू हाय?"

"तुम्ही जन्मायच्या आधीपासून."

"आन बसला कदीच न्हाई?"

"एकदाही नाही, आजोबा."

"दार अडलंय तरी?"

"तरी."

गेणभाऊंनी खूप वेळ ऐकलं. सुनीलकाका कितवा नंबर ते ओरडून सांगत होते, लोक कुंडलिकला खांद्यावर घेत होते. मग गेणभाऊंनी मांडीवरचा सगळ्यात मोठा नारळ उचलला, वरची शाल काढली, घडी सारखी केली आणि दोन्ही आपल्याच छातीशी धरलं.

"एवढे सत्कार क्येले दिसभर," ते म्हणाले, "आन खऱ्या मानसाचा ऱ्हायला व्हता."

तो नारळ त्यांनी तसाच धरून ठेवला आणि पुण्याची पहिली गाडी किती वाजता सुटते ते विचारलं.